शपथेनं दारू सुटत नाही

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशनाचं काम करते. पेशंट एकटा क्वचितच येतो. बरोबर आई असते, बायको असते, दाराबाहेर भाऊ ताटकळत असतो. या सगळ्यांशी बोलताना जे शिकले, ते लिहिते आहे.

१. शपथ खरी असते, पण ती औषध नव्हे.
लेकराच्या डोक्यावर हात ठेवून, ग्रामदैवतापुढे नारळ फोडून माणूस शब्द देतो. चार दिवसांत तो मोडतो आणि घर म्हणतं, "खोटारडा आहे." शपथ घेताना त्याला खरोखरच सोडायची असते. पण वर्षानुवर्षं रोज दारू मिळालेला मेंदू तिच्यावाचून चालेनासा झालेला असतो. तिथे निर्धार एकटा पुरत नाही. माळ घालून तरलेली माणसं मी पाहिली आहेत. माळेबरोबर त्यांना संगत मिळाली, रोजचा हरिपाठ मिळाला, आला नाही तर घरी येऊन विचारणारी माणसं मिळाली. शपथ घेतलीच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडेही जावं.

२. एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं.
रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू सोडवू पाहणारी घरं आजही आहेत. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आलंय असं वाटतं, दिवस-रात्रीचं भान जातं. शेजारी म्हणतात "बाहेरचं झालंय", आणि माणूस दवाखान्याऐवजी देवऋषाकडे नेला जातो. हे विड्रॉवल आहे, म्हणजे दारू एकदम तुटल्यानं होणारा त्रास. त्यावर नेमके उपचार आहेत: झटके टाळणारी औषधं, बी-१ जीवनसत्त्व, पाणी-क्षारांवर लक्ष. उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. म्हणून रोज पिणाऱ्यानं थांबायचं ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

३. चहातून गुपचूप पूड देऊ नका.
"त्याला कळणारसुद्धा नाही" अशी जाहिरात असलेल्या पुड्या घेऊन बायका येतात. त्यात काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि जो राजी आहे, त्यालाच डॉक्टर तपासून ते देतात. न सांगता दिलं तर जीव जाऊ शकतो, आणि कळलं की घरातला विश्वासही जातो. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधंही आहेत. ती उघडपणे मागावीत.

४. "कितीही पाजा, सरळ चालतो" हे कौतुक थांबवा.
शरीर सरावलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. आजाराची ती सुरुवातीची खूण असते.

५. दारू थांबल्यावरही मन आजारी असू शकतं.
घरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पिणं थांबलेलं असतं, पण माणूस कोपऱ्यात बसून राहतो, जेवण अर्धवट टाकतो, पहाटे तीनला उठून बसतो. "आता पीत नाहीस ना, मग तोंड का पाडलंस?" असं त्याला ऐकावं लागतं. दारू स्वतःच उदासी आणते, आणि बऱ्याच जणांची ती उदासी दारू सुटल्यावर काही आठवड्यांत ओसरते. काहींची ओसरत नाही. त्यांना नैराश्य किंवा चिंतेचा आजार असतो. अनेकदा तो दारूच्याही आधीपासूनचा असतो, आणि ते झोपेसाठी, भीती दडपण्यासाठी पीत आलेले असतात. त्यांच्यावर दोन्ही उपचार एकत्र व्हायला हवेत. माणूस "मी गेलेलाच बरा" म्हणाला तर विषय बदलू नका, "जीव द्यावासा वाटतो का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

६. बायकोलाही कुणीतरी विचारायला हवं.
कपाटात, टाकीमागे बाटल्या शोधणारी, गाडीच्या आवाजानं छातीत धडधडणारी बाई वर्षानुवर्षं जागी असते. तिची झोप, तिचा रक्तदाब कुणी तपासत नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. नवरा उपचाराला तयार नसला तरी बायकोनं आधार गटात जावं, असं मी आग्रहानं सांगते. मुलांसाठी बाजूला ठेवलेला पैसा, मार बसला तर कुठे जायचं याची ठरवलेली जागा, त्याच्या साहेबांना त्याच्या वतीनं फोन न करणं, हे सगळं तिथे दुसऱ्या बायकांकडून शिकायला मिळतं.

७. मीटिंगला फी नाही.
अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची सुरुवात १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन इथे एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून झाली. दोघंही दारूनं पोळलेले होते. आज या गटाच्या मराठीतही मीटिंग चालतात. आडनाव विचारत नाहीत. जन्मभराचा विचार न करता फक्त आजचा दिवस न पिण्याचं ठरवायचं, हे तिथलं सूत्र मला उपचारातल्या कुठल्याही गोष्टीइतकंच मोलाचं वाटतं.

८. पुन्हा प्यायला, तर लगेच परत आणा.
स्लिप झाली की माणूस शरमेनं फॉलोअप टाळतो आणि घर म्हणतं, "पैसे पाण्यात गेले." आधीच्या महिन्यांत शिकलेलं वाया गेलेलं नसतं. भांडण, पगाराचा दिवस की एकटेपणा, कशानं पाय घसरला ते शोधायचं आणि उपचार बदलायचे. जितक्या लवकर येईल तितकं सोपं जातं. कुठे जायचं कळत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. टेलिमानसवर मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. फोन पेशंटनंच करायला हवा असं नाही. आई, बायको, भाऊ, कुणीही करू शकतं.