आधी वाडी, मग घरं

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की आक्षी, नागाव, चौल लागतात. रस्त्याकडेला घरं, मागे विहीर, त्यामागे नारळी-पोफळी, शेवटी सुरूचं बन आणि समुद्र. दहा जोडघरांची वसाहत आखायची तर हाच नकाशा उचला. फक्त मागची वाडी दहा कुंपणांनी तोडू नका.

जागा मे अखेरीस बघा. विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखा. मचूळ लागलं तर व्यवहार तिथेच थांबवा. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसलं की खारं वर चढतं, म्हणून बोअर नको. विहीर, लहान पंप आणि थोडा थोडा उपसा.

मग भरतीरेषा मोजून घ्या. सीआरझेडच्या (किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या) नियमांत ग्रामीण किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी पहिल्या 200 मीटरांत नवं घर चालत नाही, बागायत चालते. वाडी तिकडे सोडा. घरं रस्त्यालगत एका ओळीत, मध्ये जांभ्याची सामाईक भिंत. पुढे ओटी, मागची पडवी वाडीत उघडणारी. गाड्या रस्त्याकडेलाच राहतील.

पाया खणण्याआधी पाट खणा. एकदा घरं उभी राहिली की उतार हाती लागत नाही. शिंपताना पाटाच्या कडेचा मातीचा बांध फावड्याने फोडायचा, आळं भरलं की पायाने दाबून बुजवायचा, पाणी पुढच्या झाडाकडे. मोऱ्यांचं पाणी केळी, अळू आणि कर्दळीला.

नारळ 25 फुटांवर, पोफळी 9 फुटांवर, सावलीत जायफळ, खोडावर मिरी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'लाखी बाग' साधारण अशीच. पण 3 जून 2020 विसरू नका. निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. उंच वाढणारा माड पडला तरी छपरावर येणार नाही इतका लांब लावा आणि पश्चिमेला उंडी, करंज, सुरूची दाट फळी धरा.

छपराचं पाणी विहिरीत सोडा. 100 चौरस मीटर कौलांवर 2,000 मिलिमीटर पाऊस म्हणजे 2 लाख लिटर; गळती-उडती धरूनही दीड लाख हाती येतं. पहिल्या दोन-तीन सरींचं मात्र बाहेर काढा, त्यात खार आणि धूळ असते. पुढचं खडी-वाळूतून गाळून घ्या.

शेवटी कागद. वाडी आणि विहीर अविभाज्य, सोसायटीच्या नावावर. पाणपाळी, नारळ पाडणाऱ्याची मजुरी आणि नारळांचे वाटे घर विकतानाच लिहून द्या. लॉनचा ठराव पहिल्याच सभेत येईल. तिथे झावळ्या वाळवायच्या आहेत, असं सांगून मोकळे व्हा.