चार छोट्या बोर्डांचा क्लस्टर: बांधायचा कसा आणि विकायचा कोणाला?

व्हिडिओत आपण चार रास्पबेरी पाय एकावर एक बसवून टेबलावर मावणारा क्लस्टर उभा केला. त्याचा हिशोब इथे लिहून देतोय, कारण आकडे ऐकण्यापेक्षा वाचलेले बरे.

आधी एक गैरसमज डोक्यातून काढा. ४ जीबीचे चार बोर्ड जोडले म्हणजे १६ जीबीचा एक कॉम्प्युटर तयार होत नाही. चार वेगवेगळे कॉम्प्युटरच राहतात, फक्त नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात. काम तुकडे करून वाटून दिलं, तरच फायदा. तुमचं विंडोजवरचं बिलिंग सॉफ्टवेअर यावर पळणार नाही, आणि दुकानाला वेगवान मशीन हवं असेल तर त्याच पैशात एक बरा मिनी पीसी घ्या, विषय संपला.

मग हे करायचं कशाला? शिकायला आणि शिकवायला. स्वस्त मशीन जोडून मोठं काम करण्याची ही पद्धत जुनी आणि सिद्ध आहे. नासाच्या गोडार्ड केंद्रात १९९४ मध्ये थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे ४८६ प्रोसेसर साध्या इथरनेटने जोडून ‘बिओवुल्फ’ क्लस्टर केला. आपल्या पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये दिलेला परम ८००० सुद्धा अनेक प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याच्या तत्त्वावरच होता. आणि २०१२ मध्ये, म्हणजे रास्पबेरी पाय बाजारात आला त्याच वर्षी, इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठात ६४ बोर्डांचा क्लस्टर झाला. त्याचा रॅक लेगोच्या ठोकळ्यांचा होता! तेव्हा स्टँडवर फार खर्च करू नका.

आता सामान. चार रास्पबेरी पाय ४, चार मेमरी कार्ड, गिगाबिट स्विच, छोट्या लॅन केबल, हीट सिंक, पंखा. स्विच पाच पोर्टचा पुरेल असं वाटतं, पण चार बोर्ड आणि एक राउटरची वायर, झाले पाच. लॅपटॉप जोडायला जागा उरत नाही. आठ पोर्टचाच घ्या.

खरी गडबड वीजपुरवठ्यात होते. रास्पबेरी पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. बाजारातल्या अनेक पोर्टच्या चार्जरवर ‘६० वॅट’ छापलेलं दिसतं, हिशोब जुळतो, माणूस खूश. पण प्रत्येक पोर्टला किती अँपिअर, ते मागच्या बारीक अक्षरात असतं. तिथे २.४ दिसलं तर ठेवून द्या. केबल पातळ असली तरी व्होल्टेज पडतं, बोर्ड मंदावतो किंवा मध्येच रीस्टार्ट होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं बोर्डच खराब दिला. उष्णतेचंही तेच. ८० अंशांच्या पुढे तापला की प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो. जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात बिनपंख्याचा डेमो देऊ नका.

जोडणी सोपी आहे. कार्डावर सिस्टिम टाकतानाच प्रत्येक बोर्डाला नाव द्या आणि एसएसएच चालू करा. राउटरमध्ये प्रत्येकाचा आयपी पक्का करा. पहिल्या बोर्डाची एसएसएच की बाकी तिघांना द्या, म्हणजे पासवर्ड न विचारता तो त्यांना काम सांगू शकेल. एनएफएसने एक फोल्डर सगळ्यांना दिसेल असा ठेवा. मग चारही बोर्डांवर ओपन एमपीआय टाका. व्हिडिओत हे सावकाश दाखवलंय.

पहिली चाचणी म्हणून १ ते ४० लाखांमधले मूळ अंक मोजायला लावा. प्रत्येक बोर्डाला सलग दहा-दहा लाख दिले, तर पहिला लवकर मोकळा होतो आणि चौथा घाम गाळत बसतो, कारण मोठा आकडा तपासायला जास्त भागाकार लागतात. बरं, एक-एक आकडा पत्ते वाटल्यासारखा वाटला तर? दुसऱ्या आणि चौथ्या बोर्डाकडे सगळे सम आकडे जातात, ते दोघे लगेच रिकामे. उपाय असा, की दहा-दहा हजारांचे गठ्ठे करा आणि जो मोकळा होईल त्याने पुढचा गठ्ठा उचलावा. दिवाळीत पार्सल पॅक करणाऱ्या पोरांना काम असंच देतो ना आपण?

आणि चार बोर्ड म्हणजे चौपट वेग, असं गिऱ्हाइकाला कधीच सांगू नका. फराळाची ऑर्डर घ्या. १०० मिनिटांच्या कामात २० मिनिटं भाजणी भिजवून पीठ मळण्याची, ती एकालाच करावी लागतात. उरलेली ८० मिनिटं चौघांत वाटली तर २० होतात. एकूण ४० मिनिटं, म्हणजे वेग अडीचपट. आठ जण लावले तर ३० मिनिटं. शंभर माणसं आणली तरी ती पहिली २० मिनिटं काही हटत नाहीत! जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. शिवाय बोर्ड एकमेकांशी बोलण्यात वेळ खातात, तो वेगळा.

आता धंदा. घरी क्लस्टर ठेवून वेबसाइट होस्टिंग विकण्याच्या भानगडीत पडू नका. लाइट गेली, नेट गेलं, तर रात्री दोन वाजता फोन उचलणार कोण? गिऱ्हाईक आहे ते इंजिनिअरिंग कॉलेज, पॉलिटेक्निक, खासगी क्लास, म्हणजे पॅरलल कम्प्युटिंग फळ्यावर शिकवणारे लोक. मुलांना वायर उपटून ‘एक नोड मेला, आता काय होतं बघा’ हे दाखवता येणं, याला किंमत आहे. महागड्या सर्व्हरवर असा खेळ कोणी करू देत नाही.

पण कोटेशन नीट करा. समजा, एका संचाचं सामान जीएसटी सोडून ४०,००० रुपयांना पडलं. ४५,००० ला विकला, पाच हजार सुटले, असं वाटतं. थांबा. जोडणी, चाचणी आणि कॉलेजात जाऊन शिकवणं धरून १६ तास, तासाला ३०० रुपये म्हणजे ४,८००. कार्ड-चार्जर बदलून द्यावे लागतील म्हणून २,००० बाजूला. कॉलेजचं बिल तीन महिन्यांनी निघालं तर अडकलेल्या ४०,००० वर महिना दीड टक्क्याने १,८०० व्याज. बेरीज ४८,६००. म्हणजे ४५,००० ला विकून तुम्ही ३,६०० खिशातून घातले. माझ्या मते यावर निदान पंधरा टक्के नफा धरून ५६,००० च्या खाली येऊ नका, आणि निम्मी रक्कम ऑर्डरसोबत मागा. नाही म्हणाले तर व्याजाचे महिने वाढवून भाव सांगा.

वीजबिलाचा प्रश्न कॉलेजवाले हमखास विचारतात, उत्तर तयार ठेवा. बोर्डाला साधारण ७ वॅट धरले तर चार मिळून २८, स्विचचे ५, एकूण ३३ वॅट. महिनाभर चोवीस तास चालवलं तर जवळपास २४ युनिट. दहा रुपये युनिट धरा, २४० रुपये.

कोटेशनच्या तळाशी हमी वेगळी लिहा: जोडणी आणि सेटिंगची आपली, बोर्डांची कंपनीच्या नियमांनुसार, आणि लाइट अचानक गेल्यामुळे बिघडलेल्या कार्डाची नाही. त्याच कागदावर छोटा यूपीएस वेगळी ओळ म्हणून टाका. आणि चारही कार्डांची कॉपी तुमच्याकडे ठेवा, म्हणजे फोन आला की नवं कार्ड अर्ध्या तासात तयार.