पीएनपी ट्रान्झिस्टर : प्लसच्या बाजूचा स्विच

"एनपीएन आणि पीएनपीमध्ये फरक काय?" असे व्हायवात विचारले की "सर, बाण उलटा असतो" एवढे सांगून आपण मोकळे होतो. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. बाण उलटा झाल्याने सर्किटमध्ये काय बदलते, ते पाहू.

पीएनपीमध्ये पी प्रकारच्या दोन थरांमध्ये एन प्रकारचा अगदी पातळ बेस असतो. एमिटर प्लसला जोडायचा. बेसचे व्होल्टेज एमिटरपेक्षा सुमारे ०.७ व्होल्टने खाली आणले (सिलिकॉनसाठी) की एमिटरमधले होल बेसमध्ये शिरतात. बेस पातळ असल्याने बहुतेक होल थेट कलेक्टरला पोचतात. म्हणजे बेसमधून थोडासा करंट बाहेर काढायचा आणि कलेक्टरमधून त्याच्या कितीतरी पट मिळवायचा! बेस एमिटरइतकाच वर ठेवला की सगळे बंद. थोडक्यात, एनपीएन लोडच्या खाली, मायनसकडे बसतो. पीएनपी लोडच्या वर, प्लसकडे.

ब्रेडबोर्डवर करून बघा. बीसी ५५७ चा एमिटर ५ व्होल्टला, कलेक्टरपासून ४७० ओहम आणि एलईडीमार्गे ग्राउंड, बेसला १० किलोओहम. त्याचे मोकळे टोक ग्राउंडला लावले की एलईडी पेटेल, ५ व्होल्टला लावले की विझेल. आता एक धोका. लोड १२ व्होल्टचा आणि मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टचा असेल तर पिन 'हाय' करूनही बेस एमिटरच्या खालीच राहतो. पीएनपी बंद होत नाही, शिवाय पिनही जळू शकते. अशा वेळी मधे एक एनपीएन घालून त्याच्याकडून बेस खाली ओढून घ्यायचा.

अॅम्प्लिफायरमध्ये बीडी १३९ आणि बीडी १४० ही जोडी असते. एक वरचा अर्धा वेव्ह सांभाळतो, दुसरा खालचा. त्यातला बीडी १४० हा पीएनपी.

पण खरी किंमत कळते ती कारखान्यात. आपल्या शिरूर तालुक्यातच रांजणगाव एमआयडीसी आहे. तिथे व्हिजिटला किंवा ट्रेनिंगला गेलात तर प्रॉक्झिमिटी सेन्सरचे लेबल जरूर वाचा. तीन वायरी असतात : तपकिरी प्लस, निळी शून्य, काळी आउटपुट. मशीनची बॉडी सहसा शून्याला जोडलेली असते. समजा, काळ्या वायरचे इन्सुलेशन घासून ती बॉडीला टेकली. सेन्सर एनपीएन असेल तर पीएलसीला वाटते, 'जॉब आला'. प्रेस खाली येऊ शकते, आणि तिथे कुणाचा तरी हात असू शकतो. पीएनपी असेल तर इनपुट शून्यावरच राहते, खोटा सिग्नल जात नाही. अर्थात यामुळे गार्ड आणि इमर्जन्सी स्टॉपची गरज संपत नाही.

तेव्हा पुढच्या व्हायवात बाणाची दिशा सांगाच. पण स्विच कुठल्या बाजूला आहे आणि वायर टेकली तर काय होईल, हेही सांगा. उरलेले अर्धे उत्तर तिथे आहे.