४२९४९६७२९७ ला भाग लावून बघ

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

तुझा नियम पाच संख्यांना लागू पडला आणि तू खाली ‘सिद्ध झाले’ लिहून मोकळी झालीस. रागावलो नाही. नियम दिसणं हेही कमी नाही, आणि पाच उदाहरणांवर भुलण्यात तुला सोबत फार थोराची आहे.

फर्मा तुलूझच्या न्यायालयात अधिकारी होता. गणित फावल्या वेळात. त्याने २ चा पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला : ३, ५, १७, २५७, ६५५३७. पाचही मूळ संख्या. पुढेही असंच चालणार, असं त्याने १६४० मध्ये पत्रांतून कळवलं. पुढची संख्या, म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, ही ४२९४९६७२९७. शेवटी ७, अंकांची बेरीज ५९. त्यामुळे २, ३, ५ यांनी भाग जात नाही. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ६४१ ने जातो. उरतात ६७००४१७.

ताळा भागाकार न करता घे. ५ × १२८ = ६४०, ६४१ ला १ कमी; बाकी −१ धर. चौथा घात केलास की ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात, बाकी १. आता ५ चा चौथा घात ६२५, तो ६४१ ला १६ ने कमी. त्याच्या जागी −१६ घाल. १६ म्हणजे २ चा चौथा घात, तो २८ व्याला मिळून ३२ वा झाला. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळव : शून्य!

ही गंमत अर्थात ६४१ हाती आल्यानंतरची. शोधायचं कसं? सरळ भाग लावत गेलीस तर ६५५३६ पर्यंतच्या ६५४२ मूळ संख्या समोर; त्यांत ६४१ ही ११६ वी. पण या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला ६४ ने भागलं तर बाकी १ च उरते, हे ऑयलरने पुढे सिद्ध केलं. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या खेपेला काम फत्ते.

मला खरी टोचते ती पुढची गोष्ट. ही चाळणी ज्या प्रमेयातून निघते, ते फर्माचंच, त्याच वर्षी पत्रातून कळवलेलं. २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केला तर २२३ ने भाग जातो, हेही त्याने अशाच युक्तीने काढलं होतं. दुसऱ्या संख्या फोडायला हत्यार परजलेलं. लाडक्या नियमावर मात्र ते नीट चाललं नाही. तू असं करू नकोस. तुझ्याकडची सगळ्यात धारदार युक्ती आधी स्वतःच्याच विधानावर चालव. ते मोडत नाही असं दिसलं, तरच सिद्धतेच्या मागे लाग.

त्यापुढची संख्या, २ चा ६४ वा घात अधिक १, फोडायला १८८० साल उजाडलं. लाँद्रीने २७४१७७ हा अवयव काढला, तेव्हा तो ऐंशी पार केलेला होता.

पुढच्या पत्रात नवा नियम नको. बाकी १ च का उरते, आणि ६४ च का, ते फर्माच्या छोट्या प्रमेयावरून लिहून पाठव. आईला सांग, गणपतीला येतोय.

तुझा,
मामा