जोखीम आपल्या घरचीच

आणे पठारावरच्या आईबापांनो, पोरगं ‘नोकरी नको, धंदा करतो’ म्हणालं की आपण पहिलं काय म्हणतो? ‘नसती जोखीम घेऊ नकोस.’ हे म्हणणारे आपण कोण, तर धरणांच्या जुन्नर तालुक्यात राहून पावसाच्या भरवशावर कांदा लावणारे! 8 डिसेंबर 2023 ला कांद्यावर निर्यातबंदी आली आणि भाव कोसळले. ती जोखीम कुणाला विचारून घेतली होती?

स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन विद्यापीठातून सुरू झालेली, धंदा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा कल तपासणारी एक जागतिक पाहणी आहे. तिच्या 2023 च्या भारतातल्या फेरीत शिक्षण संपताच धंदा करू म्हणणारे सुमारे 14 टक्के निघाले. पाच वर्षांनी करू म्हणणारे सुमारे 31 टक्के. म्हणजे आधी पगार, मग हिंमत. मला यात भित्रेपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. जर्मनी, जपानसारख्या सुखवस्तू देशांतली मुलं तर धंद्याचं नाव त्याहून कमी काढतात, कारण तिथं चांगली नोकरी मिळते. धाडस रक्तात असतं हे मला पटत नाही. समोर कोणत्या वाटा उघड्या आहेत, त्यावर बरंच ठरतं. आणि धंद्याची वाट आपल्याला नवी नाही: मुंबईचे डबेवाले आपल्याच जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातले. ते कुणाचे पगारी नोकर नाहीत, स्वतःच्या धंद्याचे धनी आहेत.

आणि एक बोलू का? रागावू नका. सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी पुण्यात खोली, क्लास, मेस, अभ्यासिका यांवर वर्षामागून वर्ष पैसा ओततो, जागा निघतात मोजक्या, पोराचं वय सरत जातं. ही काय जोखीम नव्हे? पण तिला आपण ‘तयारी’ म्हणतो, म्हणून ती मोजत नाही.

उद्या लगेच कर्ज काढून दुकान थाटा, असं मी म्हणत नाही. जमीन तर गहाण टाकूच नका. मात्र किती पैसे बुडाले तरी घर हलणार नाही, तो आकडा पोरासमोर मांडा. पोरीसमोरही. तिच्या लग्नाचा खर्च आपल्याला पाठ असतो, धंद्याचा विचारलेलाही नसतो. आपल्या आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरीच्या प्रसादासाठी केवढी माणसं येतात! तिथं पोरांना एक दुकान मांडू द्या. माल त्यांनी आणायचा, भाव त्यांनी ठरवायचा, वही त्यांनी लिहायची. तोटा आला तर चारचौघांत ‘मी सांगितलंच होतं’ एवढं मात्र म्हणू नका.