नांगरताना थंड, गवत मारताना लाल

प्रश्न : आमच्याकडं पस्तीस एचपीचा ट्रॅक्टर आहे. नांगराला, ट्रॉलीला कधी कुरकुर नाही. पण दोन वर्षं पडून राहिलेल्या डाळिंबाच्या बागेत गवत मारायला घातला की अर्ध्या-पाऊण तासात काटा लाल रेघेला टेकतो. नांगर हे गवतापेक्षा जड काम. तापायचाच तर नांगरताना तापायला हवा. हे उलटं का? फिटर म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू. काढावा का?
— एक शेतकरी वाचक, सांगोला तालुका

उत्तर : नांगरताना इंजिनात उष्णता जास्त तयार होते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण काटा किती चढेल हे नुसतं किती उष्णता तयार झाली त्यावर ठरत नाही, ती बाहेर किती पडली यावरही ठरतं. गवत मारताना तिची बाहेर पडायची वाटच बुजते.

आधी हिशेब बघू. एक लिटर डिझेल जळलं की साधारण दहा युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. तासाला चार लिटर डिझेल लागत असेल तर झाली चाळीस युनिट. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांच्या आणि पीटीओच्या कामी येतो. तेवढाच सायलेन्सरवाटे जातो. पाव हिस्सा, म्हणजे दहाएक युनिट, इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. घरातले दोन किलोवॉटचे पाच गिझर एकदम लावून ठेवावेत तेवढी ही उष्णता. एवढी सगळी उष्णता पाणी उकळू न देता रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून हवेत सोडायची असते. पाणी नुसतं हमालाचं काम करतं, इंजिन खरं थंड होतं ते वाऱ्यानं.

आता हा वारा येतो कुठून? पंखा तो समोरच्या जाळीतून आत ओढतो. गवत कापायचं यंत्र मागं असतं, रेडिएटर पुढं असतो. म्हणजे कमरेएवढ्या वाळलेल्या गवतात पहिलं शिरतं ते ट्रॅक्टरचं तोंड. पुढचा एक्सल ताटांना धडकतो, पिकलेली बोंडं फुटतात, आणि पात्याला गवत लागायच्या आधीच बी, कुसळं, काँग्रेस गवताची वाळकी फुलं जाळीसमोर उडालेली असतात. पंखा ती खेचून घेतो. नांगरताना उडते ती माती, तीही बहुतेक मागं आणि खाली. ट्रॉली ओढताना रस्ता मोकळा असतो आणि वेगाचा वारा वर मिळतो. गवतात तुम्ही माणसाच्या चालीनं चालता, वेगाचा वारा शून्य.

त्यात तुमची बाग. सांगोल्याच्या बागांना गेल्या काही वर्षांत काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. बागा भरात होत्या तेव्हा, म्हणजे २८ डिसेंबर २०२० रोजी, शेतमाल नेणारी देशातली १००वी किसान रेल्वे सांगोल्याहूनच पश्चिम बंगालातल्या शालिमारला सुटली होती. पुढं तेल्या, मर आणि खोडाला बारीक भोकं पाडणारा शॉट होल बोरर यांनी बागा बसवल्या. काहींनी झाडं उपटली, काहींनी जागीच सोडून दिली. वर्षानुवर्षं शेणखत खाल्लेली ती जमीन. माणदेशात पाऊस कमी असला तरी अशा रानात पहिल्या दोन-चार सरींतच गवत गुडघ्याच्या वर जातं, आणि दिवाळीनंतर वाळून त्याचा भुगा होतो. माळावरच्या गवतापेक्षा हे दाट असतं, आणि खाली ठिबकच्या जुन्या नळ्या, तारा, खुंटं लपलेली असतात. नळी यंत्राच्या रोटरला गुंडाळली की तोही लोड इंजिनावरच येतो. म्हणून ट्रॅक्टर घालण्याआधी एक माणूस ओळीतून चालवून नळ्या ओढून घ्या. या कामाचा सगळ्यांना कंटाळा येतो, पण तेच वाचवतं.

मग उन्हाचा भाग. रेडिएटर किती उष्णता सोडतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंशांवर आणि सकाळची हवा २५ अंशांवर असेल तर फरक ६५. एप्रिलच्या दुपारी हवा ४२ वर गेली की फरक उरतो ४८. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद पाव हिश्श्यानं घटली, आणि अजून जाळीत काडी अडकलेली नाही. अर्धे पत्रे चोक झाले तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

तुमचा रेडिएटर चोक आहे की नाही ते घरी बघता येतं. इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा, पुढची जाळी काढा. एकानं पंख्याच्या बाजूनं मोबाइलची बॅटरी पत्र्यांना टेकवून धरायची, दुसऱ्यानं समोरून बघायचं. पत्र्यांच्या फटींतून उजेडाचे बारीक ठिपके सगळीकडं सारखे दिसले पाहिजेत. जिथं अंधार, तिथं वारा नाही. बहुतेक वेळा खालचा अर्धा भाग काळोखा निघतो, कारण ताटं तिथंच लागतात. जवळून पाहिलंत तर कुसळ टोकाकडून फटीत घुसलेलं दिसेल. त्याच्या टोकाला उलटे केस असतात, त्यामुळं धोतरातून जसं ते मागं निघत नाही तसं इथूनही नाही. त्याच्या आधारानं फुलांचा चुरा साठतो आणि त्यावर धूळ बसते. पुढच्या एखाद्या सीलमधून तेल पाझरत असेल तर या सगळ्याचा लेप होतो. मग हवा मारूनही तो हलत नाही, आधी साबणाच्या पाण्यानं भिजवावा लागतो.

साफ करताना वाऱ्याच्या उलट दिशेनं करायचं, म्हणजे पंख्याकडून समोर. समोरून हवा मारली तर कचरा आणखी आत बसतो. कंप्रेसरची हवा बेतानं, हातभर लांबून आणि सरळ मारा. तिरकी मारली तर पत्रे वाकतात. सर्व्हिसिंगवाल्याच्या जेटचा फवारा तर अजिबात नको. एका मिनिटात त्यानं सपाट केलेले पत्रे नंतर दिवसभर चिमट्यानं सरळ करत बसावं लागतं. नव्या ट्रॅक्टरला रेडिएटरच्या पुढं तेलाचा कूलर असतो, एसी केबिन असेल तर आणखी एक जाळी असते. कचरा रेडिएटर आणि या जाळ्यांच्या मधल्या फटीत साठतो आणि समोरून सगळं लख्ख दिसतं. तिथं बोट घालून बघा. आयशरचे जुने हवेनं थंड होणारे ट्रॅक्टर असतील तर रेडिएटरच नाही, पण सिलिंडरभोवतीच्या खाचांत हाच कचरा बसतो.

किती वेळानं साफ करायचं? अशा रानात काटा चढायची वाट बघू नका. एकदा नीट साफ केल्यावरही दर दोन-तीन तासाला चहाला थांबता, तेव्हा थंड होऊ देऊन ब्रश फिरवा. वर सायलेन्सरजवळ, बॉनेटखाली साठलेलं वाळकं गवतही काढा, नाहीतर तापण्याच्या आधी पेटायचं.

आता चालवण्याबद्दल, कारण निम्मा दोष इथं असतो. गवत दाट लागलं की चालक रेस कमी करतो, इंजिनाला आराम म्हणून. होतं उलटं. पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. फेरे १८०० वरून १२०० वर आणले की वाराही दोन तृतीयांश उरतो, आणि लोड तोच असल्यानं प्रत्येक फेऱ्याला डिझेल जास्त जळतं. इंजिन कोंडल्यासारखं घुमायला लागतं तेव्हा काटा सगळ्यात जोरात चढतो. मीटरवर पीटीओच्या ५४० फेऱ्यांची खूण असते, रेस तिथंच ठेवा आणि गिअर एक खाली घ्या. तेवढ्यानं भागलं नाही तर पात्याची पूर्ण रुंदी न घेता निम्मी घ्या. पहिला हात वीतभर उंचीवरून मारा, दुसरा जमिनीलगत. डिझेल थोडं जास्त जाईल, पण इंजिन खोलण्यापेक्षा स्वस्त पडेल.

तास वाऱ्याला आडवे धरा. वारा पाठीमागून आला तर तुमचीच धूळ आणि इंजिनाची गरम हवा पुढं येऊन पुन्हा जाळीत शिरते. बागेच्या ओळींमुळं दिशा बदलता येत नसेल तर वाऱ्याच्या तोंडावर जाताना कापा आणि परतताना पाती उचलून या. आणि काम सकाळी उरका.

एअर क्लीनर विसरू नका. तो बंद झाला तर हवा कमी पडते, धूर काळा होतो, ताकद जाते आणि इंजिन जास्त तापतं. ऑइल बाथचा असेल तर वाटीतलं तेल या कामात रोज बघा. खाली चिखल बसला की तेल बदला, खुणेच्या वर भरू नका. कागदी फिल्टर असेल तर तो चाकावर आपटून झटकायची सवय सोडा. कागद फाटतो आणि धूळ थेट लायनरवर जाते. फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबून बघा. एक-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक, त्याहून सैल असेल तर घसरतो.

राहिलं पाणी. तुमच्या बोअरच्या ज्या पाण्यानं ड्रिपर चोक होतात तेच पाणी रेडिएटरमध्ये घालत असाल तर तोच क्षार इंजिनाच्या आतही बसतो, आणि त्या थरातून उष्णता नीट जात नाही. मात्र ठिबक धुवायचं ॲसिड रेडिएटरमध्ये ओतू नका. ॲल्युमिनियम खाऊन टाकतं ते. डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट घाला, तयार मिश्रण असेल तर तसंच. कूलंट पाण्यापेक्षा जास्त थंड करतं असं दुकानदार सांगेल, ते खरं नाही. उष्णता वाहून न्यायला साधं पाणीच थोडं सरस. कूलंट घालायचं ते गंज आणि क्षार बसू नये म्हणून, आणि उकळायला उशीर व्हावा म्हणून. झाकणाचं रबरही बघा. दाब अर्धा बार वाढला तरी पाणी ११० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण गळकं असेल तर ते शंभराच्या आतच उकळतं, सांगोल्याच्या उंचीवर तर नक्कीच.

एवढं करूनही काटा लाल रेघेला आला, तर पीटीओ बंद करा, ट्रॅक्टर गवताबाहेर काढा आणि तोंड वाऱ्याकडं करून चार-पाच मिनिटं हलक्या रेसवर चालू ठेवा. एकदम बंद केलं तर पाणी थांबतं आणि आतली उष्णता हेडवर चढते. पण पट्टा तुटला असेल किंवा पाणी वाहून गेलं असेल तर लगेच बंद करा, तिथं चालू ठेवण्यात अर्थ नाही. तापलेल्या इंजिनावर घागर ओतू नका, हेडला तडा जातो. झाकण गरम असताना उघडू नका. दाब सुटताक्षणी आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती चेहऱ्यावर येते.

थर्मोस्टॅटचं म्हणाल तर काढू नका. जाळी चोक आणि काढायचा थर्मोस्टॅट, हे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी झालं. तो साधारण ८० अंशांच्या पुढं उघडतो आणि त्यानंतर वाटेत आड येत नाही. काढून टाकला तर इंजिन सकाळी बराच वेळ गार चालतं, डिझेल जास्त खातं, लायनर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद होते. तो काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. शंका असेल तर काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाका. पाणी तापत जाताना तो उघडला तर चांगला आहे, नाही उघडला तर नवीन बसवा.

प्रश्न : कचरा आत जाऊ नये म्हणून जाळीवर डाळिंबाचं क्रॉप कव्हर किंवा जुनी साडी बांधली तर चालेल का?

उत्तर : नाही. दोन्ही वारा अडवतात आणि दहा मिनिटांत धुळीनं बुजतात. मच्छरदानीचं तेच. दोन-तीन मिलिमीटर भोकाची तारेची जाळी घ्या, मूळ जाळीपेक्षा मोठी, आणि चार बोटं पुढं उभी राहील अशी बसवा. कचरा तिच्यावर अडकतो आणि हातानं झटकता येतो. ती झटकायची मात्र प्रत्येक दोन-चार ओळींनंतर, शेताच्या टोकाला वळताना.

प्रश्न : सगळं साफ आहे, पट्टा घट्ट आहे, तरी आता रस्त्यावरही तापतो. आता काय?

उत्तर : मग गवताचा दोष नाही. इंजिन थंड असताना झाकण उघडून चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेली असण्याचा संभव जास्त. पाणी नुसतं थांबल्यासारखं दिसत असेल, इंजिन तापल्यावरही फिरत नसेल, तर वॉटर पंप बघायला सांगा. दोन्ही कामं वर्कशॉपची आहेत. तोवर ट्रॅक्टर लोडला लावू नका.