देश सुटला, विद्या सुटली नाही



जखमी सैनिकांच्या उपचारपद्धतीत मोठा बदल घडवणारे एक डॉक्टर स्वतः निर्वासित होते. त्यांचे नाव लुडविग गुटमान.

गुटमान यांचा जन्म 1899 साली जर्मनीतील एका ज्यू कुटुंबात झाला. ब्रेस्लाऊ शहरात ते मज्जासंस्थेचे नामवंत डॉक्टर झाले. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांच्या नोकऱ्या गेल्या. गुटमान तेथील ज्यू रुग्णालयात रुजू झाले. नोव्हेंबर 1938 मध्ये देशभर ज्यूंवर हल्ले झाले. त्या रात्री, दारात येईल त्याला दाखल करून घ्या, असा हुकूम त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गुप्त पोलीस आले. गुटमान यांनी खाटेखाटेपाशी जाऊन प्रत्येकाचा 'आजार' समजावून सांगितला. 64 पैकी 60 जणांची अटक टळली.

1939 च्या आरंभी पत्नी व दोन मुलांसह ते इंग्लंडला आले. वय 39. ऑक्सफर्डमध्ये संशोधनाचे काम मिळाले. रुग्णांवर उपचार करण्याची संधी मात्र नव्हती. कुरकुर करत न बसता त्यांनी मज्जातंतूंच्या इजांचा अभ्यास सुरू ठेवला. हीच शिदोरी पुढे कामी आली. महायुद्धातील जखमींसाठी 1 फेब्रुवारी 1944 रोजी स्टोक मँडव्हिल येथे विशेष केंद्र उघडले आणि ते त्यांच्याकडे सोपवण्यात आले.

मज्जारज्जू दुखावलेला सैनिक त्या काळी फार दिवस जगत नसे. पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग त्याचा जीव घेत. गुटमान यांनी शिस्त घालून दिली: रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. जीव वाचल्यावर सुतारकाम, घड्याळदुरुस्ती आणि खेळ. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, व्हीलचेअरवरील 16 खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा त्यांनी भरवली. आजच्या पॅरालिंपिकची ही सुरुवात.

याच परंपरेतील 1972 च्या स्पर्धा पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झाल्या. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आपले जवान, सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी तेथे 50 मीटर जलतरणात सुवर्णपदक जिंकले. ज्या देशातून गुटमान यांना परागंदा व्हावे लागले, त्याच देशात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्ण मिळाले!

यातून काय घ्यावे? पद, घर आणि देश हिरावले जाऊ शकतात. अंगी मुरलेली विद्या सोबत येते. वाट पाहण्याचा काळ अभ्यासात घालवला तर संधी आल्यावर माणूस तयार असतो. आणि ज्याने स्वतः सारे गमावले आहे, तो दुसऱ्याला उभे करू शकतो.

विचार करा:
1. दर दोन तासांनी कूस बदलण्याच्या नियमात सैनिकी शिस्तीचा कोणता गुण दिसतो?
2. उद्या तुम्हाला अनोळखी देशात जावे लागले, तर तुमच्याकडील कोणते कौशल्य तेथे उपयोगी पडेल?